रुळाच्या कामावरची पोरं

१८८८ साली कोल्हापूर–मिरज रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला तो तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या हस्ते. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला होता आणि राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होता. हेच पुढचे राजर्षी शाहू. १८९१ मध्ये गाडी कोल्हापुरात पोचली. त्यांच्या कागलात मात्र रूळ आजही आलेला नाही. तिथल्या पंचतारांकित एमआयडीसी औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग आणि कापड हायवेनंच जातं.

त्या समारंभाची नोंद चरित्रांत आहे. समारंभ संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्या जागी टिकाव-खोरं घेऊन कोण आलं, हे मुलांच्या एकाही मराठी पुस्तकात मला सापडलेलं नाही. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा मार्ग सुमारे ४७ किलोमीटरचा. वाटेत कृष्णा, रुकडीजवळ पंचगंगा. ठिकठिकाणी भराव. त्या काळी पुरुष खणायचे आणि बायका-पोरं पाट्या वाहायची. देशभर रेल्वेचं मातीकाम असंच झालं. म्हणजे त्या राजपुत्राच्या वयाची कितीतरी पोरं या मार्गावर राबली असणार. त्यांच्यातल्या एकाची कादंबरी आपल्या मुलांच्या हातात पडायला हवी, आणि ती लवकर पडायला हवी.

अमेरिकेतल्या मुलांना असं पुस्तक कधीच मिळालं. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं ‘बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक’ १९३९ मध्ये आलं. गोष्ट १८७९ च्या आसपासची, डाकोटा प्रदेशातली. वडील रेल्वेच्या तळावर हिशेब ठेवतात, दुकान सांभाळतात. थोरली बहीण मेरी आजारपणात आंधळी झालेली, त्यामुळे बारा वर्षांची लॉरा दिसेल ते तिला शब्दांत सांगत राहते. लेखिकेची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. मेरीला सांगता सांगता वाचणाऱ्या पोरालाही सगळं दिसू लागतं. घोडे माती ओढत गोल गोल कसे फिरतात, चढ कसा कापतात, खळगा कसा भरतात, हे वडिलांबरोबर उभं राहून लॉरा एक दुपारभर बघते. पगारावरून चिडलेले मजूर रात्री दुकानाच्या दाराशी जमतात, ती भीतीही तिच्याच अंगावर येते.

आपल्याकडे याहून दाट ऐवज पडून आहे. भोर घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं. १८६१ च्या सुरुवातीला तिथं बेचाळीस हजार माणसं कामावर होती. पटकीनं तळच्या तळ उठले. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगल झाली. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट निभावलं. पुढे १८७६–७८ च्या दुष्काळात दौंड–मनमाड मार्गाच्या भरावावर भुकेली कुटुंबं मुलाबाळांसकट आली. इतकं असूनही मुलांसाठीची आपली ऐतिहासिक कादंबरी बहुतेक गड, तलवार आणि घोडा यांच्यातच रमते. गड हवेतच. पण ज्या पोराच्या बापानं आयुष्यभर दगड फोडले, त्याच्या घराण्यालाही इतिहास आहे, हे त्याला कोण सांगणार?

ही कादंबरी कुठून सुरू करावी, हे मी सांगते. मातीकाम करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. भरावासाठी खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. डोक्यावरचं मूळचं गवतही काढायचं नाही. आठवड्याच्या शेवटी मोजणारा येतो, खांबाच्या उंचीवरून खड्ड्याची खोली धरतो आणि त्यावर मजुरी ठरते. वर चार बोटं माती चढवली तर खोली जास्त भरते. डोक्यावरचं गवत शाबूत असेल तर लबाडी झाली नाही याची खूण. आता त्या खांबापाशी माती वडारांची दहा वर्षांची एक पोर राखणीला बसवा. शेळी येऊन गवत खाऊन गेली तर अख्ख्या कुटुंबाचा आठवडा वाया. पावसाची सर आली तर खांब ढासळेल. मुकादम तिच्याकडे डोळे वटारून बघतोय, आणि आई चुंबळीवर पाटी चढवताना दर खेपेला तिच्याकडे वळून पाहते. पहिलं प्रकरण इथंच उभं राहतं, आणि त्यासाठी एकाही राजवाड्याची गरज लागत नाही.

वाइल्डर यांच्या पुस्तकांतली एक उणीव आपल्या लेखकानं टाळलीच पाहिजे. त्यांच्या गोष्टींत ती माळरानं मोकळी, बिनमालकीची वाटतात. तिथले मूळ रहिवासी येतात ते भीतीच्या सावलीसारखे. म्हणूनच अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं २०१८ मध्ये त्यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. पुस्तकं कपाटातून काढायला नकोत, पण मुलांनी ती वाचताना जमिनीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या कादंबरीत तो पहिल्यापासून हवा. भराव कुणाच्या तरी शेतातून गेला. त्या घरातल्या पोरानं आपली बांधावरची बाभळ तुटताना पाहिली असेल. वडाराची पोर आणि शेतकऱ्याचं पोर यांची गाठ पडू द्या, भांडण होऊ द्या, आणि दोघांपैकी कुणालाही खोटं पाडू नका.

हे मी कागलात बसून लिहिते, त्याला कारण आहे. पंचतारांकितचे प्लॉट आहेत तिथं कधीकाळी शेतं, माळ आणि गुरं चरायच्या जागा होत्या. कागलच्याच आनंद यादवांनी ‘झोंबी’त शाळेसाठी आसुसलेलं इथलं पोर उभं केलं, आणि ‘गोतावळा’त ट्रॅक्टर आल्यावर उजाड झालेलं शेतगड्याचं जग. बदल अंगावर येतो तेव्हा माणसाचं काय होतं, हे लिहिण्याची परंपरा या मातीत आहे. पालावरचं बालपणही मराठीत आलं आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आहे, बेलदारांच्या घरातून आलेल्या अशोक पवार यांचं ‘बिराड’ आहे. पण ती मोठ्यांची पुस्तकं. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ती पेलत नाहीत.

आणि तो वाचक इथंच आहे. एका नव्या शेडच्या बांधकामावर विजापूरकडून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी वाळूच्या ढिगावर धाकट्या भावाला खेळवत होती. खिशात खडूचा तुकडा. आई घमेलं घेऊन वर गेली की ही पत्र्यावर एक रेघ ओढायची. पाच झाल्या की आडवी रेघ. मी विचारलं, “मराठी वाचता येतं का गं?” ती म्हणाली, “थोडं थोडं येतं. शाळा असती तवा जातो.” तिला खांबाची राखण करणाऱ्या पोरीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तिच्यासाठी लिहायचं तर वाक्यं छोटी हवीत, अक्षर ठसठशीत हवं, आणि किंमत तिच्या शाळेला परवडणारी.

शेवटाचा मात्र नीट विचार करायला हवा. इंगल्स कुटुंब रूळ झाल्यावर त्याच गावात जमीन धरून राहतं. आपल्या वडाराच्या पोरीला ते नशीब नाही. १८९१ मध्ये गाडी येते, लोक गर्दी करतात, आणि हिचं बिऱ्हाड पुढच्या कामाला निघतं. तेव्हा इंजिनाच्या शिट्टीवर गोष्ट संपवणं खोटं ठरेल. १९०९ च्या सुमारास राधानगरी धरणाचं काम सुरू झालं तेव्हा ती तिशीत असेल, कदाचित आपल्या पोरांना घेऊन पुन्हा मातीवर. १९१७ मध्ये, कधीकाळी तिच्यासारखंच पोर असलेल्या त्या राजानं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोटामागे मुक्काम हलवत फिरणाऱ्या तिच्या नातवाचं नाव कुठल्या गावच्या हजेरीपटावर चढलं, की चढलंच नाही, हे दुसऱ्या भागात यावं. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचे कागद आहेत. लिहिणाऱ्यानं आधी तिथं जाऊन बसावं, आणि मग एखाद्या कामावर, त्या खडूवाल्या मुलीशेजारी.