खोकल्याचे औषध आणि आठ महिन्यांची बंदी

पाथर्डी तालुक्यातली आपली मुले पहाटे उठून पळतात, तालमीत घाम गाळतात. कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाला कुस्तीचे मैदान. त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आम्हाला थोडे बोलायचे आहे.

विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याने २०१९ मध्ये दुकानात मिळणारे खोकल्याचे औषध घेतले. लघवीच्या तपासणीत टर्ब्युटालिन सापडले. चूक नकळत झाली हे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरी आठ महिन्यांची बंदी टळली नाही. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ मध्ये स्टेरॉइड सापडले. खाण्यात कुणीतरी मिसळले, हे त्यांचे म्हणणे क्रीडा लवादाने मानले नाही. रिओ ऑलिम्पिकची कुस्ती हुकली आणि चार वर्षांची बंदी आली.

शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा हा नियम आहे. तो कठोर असला तरी आम्हाला योग्य वाटतो, कारण त्याविना प्रामाणिक मुलावर अन्याय होईल. शिवाय बंदी कधीतरी संपते. स्टेरॉइडने बिघडलेले यकृत, हृदय पूर्ववत होईलच असे नाही. वंध्यत्वाचाही धोका असतो.

पंचशीलातले पाचवे शील दारूइतकेच या सुईलाही लागू आहे, असे आम्ही मानतो. मित्राने दिलेले इंजेक्शन, जिममधला बिनमाहितीचा डबा नको. आणि साध्या खोकल्यालाही डॉक्टरांना आधी सांगा: मी खेळाडू आहे.