अमेरिकेत वंश मोजता, मग भारतात जात का मोजत नाही?



कोणत्याही बड्या अमेरिकन कंपनीची वेबसाईट उघडा. समता, विविधता, सर्वसमावेशकता हे शब्द पानापानावर दिसतील. १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो टाकणाऱ्या कंपन्याही आता आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की जातीचा प्रश्न समोर आला की ही समता कुठे जाते?

सिस्कोचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने या कंपनीवर दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरला सवर्ण वरिष्ठांनी भेदभावाची वागणूक दिली आणि त्याने तक्रार केली तेव्हा जातीय भेदभाव बेकायदेशीर नाही असे त्याला कंपनीतून सांगण्यात आले, असा त्यात आरोप आहे. सिस्कोने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरील दावा राज्याने मागे घेतला, पण कंपनीवरील दावा चालू ठेवला.

गूगलने तर एप्रिल २०२२ मध्ये दलित कार्यकर्त्या थेनमोळी सुंदरराजन यांचे जातीवरील व्याख्यानच रद्द केले. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूविरोधी ठरवले आणि व्यवस्थापन झुकले. व्याख्यान ठेवणाऱ्या तनुजा गुप्ता यांना अखेर राजीनामा द्यावा लागला. वर कंपनी म्हणते की आमच्याकडे जातिभेदाला थारा नाही. थारा नाही, तर त्यावर बोलायला बंदी कशासाठी?

यावर काही लोक म्हणतात, "गोऱ्या साहेबाला जात काय कळणार?" हे पटणारे नाही. ॲपलने सुमारे २०२० मध्येच आपल्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. आणि बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, श्रीधर व्यंकटेश केतकरांचा दाखला देऊन बजावले होते की हिंदू जगात जिथे जातील तिथे जात हा जगाचा प्रश्न होईल. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आता अज्ञानाची सबब चालणार नाही.

खरा दोष व्यवस्थापनाच्या पद्धतीत आहे. भरती ओळखीतून, म्हणजे रेफरलने होते. काम कोणाला द्यायचे, अप्रेझलमध्ये रेटिंग किती द्यायचे, प्रमोशन कोणाचे करायचे, हे बऱ्याच अंशी मॅनेजरच्या हातात. तक्रार केली तर चौकशी करणार कंपनीचाच एचआर. ज्याच्यावर आरोप तोच घर सांभाळणारा! पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुले-मुली आम्हाला सांगतात की आडनाव विचारले की पोटात गोळा येतो, आरक्षणावरचे टोमणे हसून सोडून द्यावे लागतात. तक्रार करायची तरी कोणाकडे?

काही बांधव म्हणतील, या कंपन्या पगार तरी चांगला देतात, गावच्या शेठजीपेक्षा बऱ्या. मान्य. पण पगार हा कामाचा मोबदला आहे, स्वाभिमान विकल्याची किंमत नव्हे.

आणि कंपनीच्या चांगुलपणावर विसंबून राहू नका. ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मेटाने विविधतेचे कार्यक्रम गुंडाळले, गूगलने भरतीतील उद्दिष्टे सोडून दिली. सरकार बदलले की बदलते ती निष्ठा नव्हे, ती जाहिरात. टिकतो तो कायदा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक केली, म्हणून या कंपन्यांनी समित्या नेमल्या. जातीय छळासाठी खाजगी कंपन्यांवर असे बंधन नाही, म्हणून त्यांनी काही केले नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कंपनीच्या नियमांत जात हा शब्द लिहा. जातीय छळाच्या तक्रारींसाठी अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य आणि बाहेरची व्यक्ती असलेली समिती कायद्याने बंधनकारक करा. गूगलसारख्या कंपन्यांनी २०१४ पासून अनेक वर्षे अमेरिकेतील कर्मचाऱ्यांचे वंशनिहाय आकडे जाहीर केले, तसे भारतातील कर्मचाऱ्यांचे प्रवर्गनिहाय आकडे जाहीर करा. मॅनेजरच्या खुर्चीत कोण बसले आहे, ते देशाला कळू द्या.

आयटीतील मित्रांनो, एकटे राहू नका. आपल्या कंपनीतील चार जण आधी एकत्र या, झालेला प्रकार तारखेसह लिहून ठेवा, तक्रार लेखीच द्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे एसी ऑफिसातही लागू आहे.