पत आणि पहिलें खातें

गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ति, केवळ तिच्या नांवें बँकेंत खातें नाहीं म्हणून, बुडाली. रक्कम मोठी नव्हती; परंतु ज्या घरांत बाप गवंड्याच्या हाताखालीं रोजंदारीवर राबतो, त्या घरास ती लहानहि नव्हती. तो बिचारा बँकेच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. "मास्तर, आमच्यांत कोणीं कधीं बँकेची पायरी चढली नाहीं, कोणाचें कर्ज काढलें नाहीं, आम्हांला पत कोठली?" असें तो मला म्हणाला. "पुढल्या महिन्यांत पाहूं," असें मीं उत्तर दिलें, आणि मुदत टळून गेली. त्याच्या अज्ञानाहून माझा आळस अधिक दोषी होता. म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहें.

पत आणि खातें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पत पाहावी लागते ती उसनें देणाराला. कर्जें वेळेवर फेडलीं कीं नाहीं याची नोंद ठेवणाऱ्या संस्था आपल्या देशांत आहेत. त्यांपैकीं सिबिल ही २००० सालीं स्थापन झाली व ती कर्जदारास ३०० पासून ९०० पर्यंत गुण देते. ज्यानें कर्जच घेतलें नाहीं त्याची वही कोरी. पण कोरी वही म्हणजे नापासाची वही नव्हे. शिवाय बचतीचें खातें उघडतांना बँक आपणांस पैसा देत नाहीं. आपणच आपला पैसा तिच्या हवालीं करतों. मग पत कोणाची पाहावयाची? खरें म्हटलें तर तिची! बँकेंतील ठेवीस २०२० सालापासून पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. गांवोगांवच्या पतसंस्थांतील ठेवीस तें नाहीं, हें पालकांनीं विसरूं नये.

पूर्वीं जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. आतां ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र एवढ्यानें भागतें. किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेलें मूलभूत बचत खातें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच सर्व बँकांस देण्यास सांगितलें आहे. दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलांस स्वतःच्या सहीनें खातें चालविण्याची मुभा बँकांनीं द्यावी, असें तिनें २०१४ सालीं कळविलें.

कांहीं पालक म्हणतात, "मुलांच्या हातीं पैसा गेला कीं तीं बिघडतात." मला हें मान्य नाहीं. अज्ञान मुलाच्या खात्यांतून शिलकेहून अधिक रक्कम काढतांच येत नाहीं. पन्नास रुपयांची चूक होईल, पण ती घरांत असतां होईल. हाच धडा पुढें चेकबुक हातीं आल्यावर शिकावा लागला तर तो महाग पडतो. कारण शिल्लक नसतां देणें फेडण्यास दिलेला चेक परत गेला व नोटीस येऊनहि रक्कम दिली नाहीं, तर कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. प्रभूच्या दृष्टांतांतील ज्या चाकरानें आपला तालंत जमिनींत पुरून ठेविला, तो दुष्ट नव्हता, भित्रा होता. तरीहि धन्यानें त्यास दोष दिलाच.

विद्यार्थ्यांनो, आतां तुम्हांस एक कळकळीची सूचना. "तुझें पासबुक आणि कार्ड दे, महिन्याला दोन हजार देतों," असें सांगणारीं माणसें आज फिरत आहेत. चोरीचा पैसा लपविण्यासाठीं त्यांस दुसऱ्याचें नांव हवें असतें. आणि चौकशी होते तेव्हां पोलीस ज्याचें नांव खात्यावर असतें त्याचेंच दार ठोठावतात. आपलें खातें दुसऱ्यास भाड्यानें देणें म्हणजे आपली सही विकणें होय.

त्या मुलीचें खातें आतां उघडलें आहे. मीच बापलेकींबरोबर गेलों होतों. फॉर्मवर सही करतांना तिचा हात कांपत होता आणि बाप दाराशीं उभा राहून पाहत होता. ती बुडालेली रक्कम मात्र परत आली नाहीं. आमच्या शाळेंत यापुढें आठवीच्या प्रत्येक वर्गशिक्षकानें वर्षारंभींच ही चौकशी करावी, असें माझें मत आहे. बँकेच्या दप्तरांतील पत यथावकाश येईल. शब्द पाळण्याची पत मात्र आजपासूनच मिळवावयाची आहे.