नदीकाठची खापरे

उन्हाळ्यात पैनगंगेचे, अडाणचे पाणी ओसरले की काठच्या दरडींत खापरांचे व काचांचे तुकडे उघडे पडतात. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. येथे दीड हजार वर्षांपूर्वीची आणि कालपरवाची वस्तू शेजारीशेजारी पडलेली असू शकते. ती ओळखावी कशी?

खापराचा काठ आणि बूड प्रथम पाहावे. भांड्याचा आकार त्यांवरून कळतो. आतून समांतर बारीक रेषा असतील, तर भांडे चाकावर घडलेले. आतून व काठाशी काळे, बाहेरून तांबडे असे खापर नागपूर जिल्ह्यात माहुरझरी व नायकुंड येथील लोहयुगीन शिलावर्तुळांत मिळाले आहे. परंतु अशी भांडी सातवाहनकाळातही होती; केवळ रंगावरून काळ ठरवू नये.

बाटलीवर साच्याची जोडरेघ शोधावी. ती मानेवरच थांबली असेल, तर ओठ बहुधा हाताने घडविलेला. ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. गोटीच्या सोडाबाटलीचे पेटंट इंग्लंडात हायरम कॉड यांनी १८७२ च्या सुमारास घेतले. तथापि तशा बाटल्या आपल्याकडे अद्याप चालतात. तळावर कारखान्याचे नाव असेल, तर उत्तम. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. त्याच्या नावाची बाटली त्याआधीची असणे शक्य नाही.

व्यापारी कुटुंबांना एक गोष्ट सहज पटेल. मिती नसलेली रोजकीर्दीतील नोंद निरुपयोगी असते. खापराची मिती म्हणजे ते ज्या थरात होते तो थर. धाम नदीकाठी पवनार येथे १९६७ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा खापरे थरवार नोंदली गेली. म्हणूनच त्यांचा कालक्रम लावता आला. दिवाणखान्यातील कपाटात नेऊन ठेवलेले खापर मुके होते.

म्हणून दरड उकरू नये. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव व जागा लिहून ठेवावी आणि राज्य पुरातत्त्व विभागास कळवावे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. रत्नकरंडक श्रावकाचारातील अचौर्याणुव्रतही हेच सांगते: ठेवलेली, पडलेली वा विसरलेली परवस्तू घेऊ नये. नदीकाठचे खापर पूर्वजांनी विसरलेली ठेव आहे. आपण तिची नोंद ठेवावी.