आधी कायदा वाचा

संपादक महोदय,

आपल्या नगरपरिषदेतील विरोधकांच्या 'नागरिक आराखड्या'ची रविवारच्या लेखात 'निवडणुकीची जत्रा' म्हणून वासलात लावली आहे. लेखकाने आराखडा वाचला असेलही. कायदा मात्र वाचलेला दिसत नाही.

आराखड्यात मागितलेल्या वस्तीवस्तीच्या सभा ही लेखक म्हणतो तशी 'परदेशी टूम' नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या (जेएनएनयूआरएम) केंद्रीय निधीची ती अट होती, म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्येच क्षेत्रसभांचा कायदा केला आणि नंतर तो बासनात गुंडाळला. या गुंडाळण्यात आजचे विरोधकही निर्दोष नाहीत. एवढा एक मुद्दा लेखकाला दिला.

'घटनेने प्रभाग समित्या फक्त मोठ्या शहरांना दिल्या' हे अर्धसत्य आहे. अनुच्छेद २४३-एस तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना त्या बंधनकारक करतो; लहान शहरांना मनाई करत नाही.

'पैसा कुठून आणणार?' पण नवा पैसा मागितलाय कोणी? आहे तो आधी कोणत्या गटारावर, कोणत्या जलवाहिनीवर खर्चायचा, एवढेच लोकांना विचारायचे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली. कामाचा प्रकार दिल्लीने ठरवला. गल्ली कोणती, हे काय ठेकेदाराने ठरवायचे? पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामे सुचवतात. तिथली महापालिका त्यापायी बुडाली नाही.

बाकी, लेखकाचा स्वतःचा पर्याय काय, ते लेखात शोधूनही सापडले नाही. पुढच्या रविवारी छापावा.

आपला,
एक मालमत्ता करदाता