संतोष नावाचा कोणी नव्हता

लहानपणी माझी पक्की समजूत होती की संतोष ट्रॉफी ही कुणा संतोष नावाच्या खेळाडूच्या आठवणीत असणार. आमच्या वर्गातच तीन संतोष होते, त्यातला एक गोलकीपर. त्याला आम्ही चिडवायचो, "तुझ्या नावाचा कप आहे बे, तूच जिंकून आण." पुढे कधीतरी कळलं की संतोष ही पूर्व बंगालमधली एक जमीनदारी. आज ते ठिकाण बांगलादेशात टांगाइल जिल्ह्यात आहे. तिथले महाराजा मन्मथनाथ रायचौधुरी हे कोलकात्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९३९ साली ते वारले आणि त्यांच्या नावाने त्या संस्थेने ही ट्रॉफी दिली. पहिली स्पर्धा १९४१ साली कोलकात्यात झाली. बंगालने दिल्लीला ५-१ असं हरवलं. म्हणजे संतोष नावाचा कोणी नव्हताच. आमचा गोलकीपर आता शेगावला असतो. त्याला हे सांगायचं राहून गेलं.

आज हे सगळं आठवायला कारण झालं आमच्या गल्लीतला एक मुलगा. मुलगा म्हणजे आता तिशीत आला आहे. मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर भेटला. मी पेपर वाचत होतो. खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळींची बातमी होती. त्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे संतोष ट्रॉफी कोन पाहते आता?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

कोण पाहतं? तुम्हाला माझीच गोष्ट सांगतो. १३ मार्च २०१६, रविवार. संतोष ट्रॉफीची फायनल त्या वर्षी नागपूरला होती. हो, आपल्या नागपूरला. वर्ध्याहून रेल्वेने दीड तास. आणि फायनलमध्ये कोण? महाराष्ट्र! समोर सेनादल. महाराष्ट्र १-२ ने हरला. मी त्या दिवशी घरी होतो, दुपारी मस्त झोपलो होतो. मला ते सोमवारी पेपरात कळलं.

आणि तो आठवडा आम्ही सगळे कशात गुंतलो होतो ठाऊक आहे? मंगळवारी, १५ तारखेला, जामठ्याला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड मॅच होती. तिकिटासाठी मी चार जणांना फोन केले, एका दूरच्या नातलगाला सुद्धा, ज्याच्याशी लग्नानंतर बोललो नव्हतो. तिकीट मिळालं नाही ते बरंच झालं म्हणा, कारण १२७ करायचे होते आणि आपण ७९ वर आटोपलो. पण मुद्दा तो नाही. दोन दिवसांच्या अंतराने एकाच शहरात दोन मोठे सामने. एकात आपलं राज्य राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळतंय. माझ्यासारखा स्वतःला फुटबॉलवाला म्हणवणारा माणूस दुसऱ्याच्या तिकिटासाठी वणवण फिरतोय. लाज वाटते, पण खरं आहे.

जुन्या लोकांशी बोला, ते उसासे टाकतात. त्यांचं चुकत नाही. एके काळी ही स्पर्धा म्हणजे भारतीय फुटबॉलचा कणा होती. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आपापल्या संघांकडून खेळायचे. १९७४-७५ साली जालंधरला पंजाबने बंगालला फायनलमध्ये ६-० असं झोपवलं, आणि इंदरसिंगने त्या एका स्पर्धेत २३ गोल केले. तेवीस! केरळने १९७३ साली कोचीला रेल्वेला ३-२ ने हरवून पहिल्यांदा ही ट्रॉफी घेतली. कॅप्टन मणी यांची हॅटट्रिक होती, आणि सरकारने दुसऱ्या दिवशी राज्याला सुट्टी दिली. फुटबॉलसाठी सुट्टी! आपल्याकडे १९५४ साली मुंबईने, मग महाराष्ट्र म्हणून १९६३, १९९० आणि १९९९ च्या हंगामांत, असं चार वेळा हे अजिंक्यपद आलं. शेवटच्या वेळी त्रिशूरमध्ये केरळलाच त्यांच्या घरी हरवून. कुणाला आठवतंय?

मग १९९६ ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ ला तिची आय-लीग झाली, २०१४ ला इंडियन सुपर लीग आली. खेळाडू क्लबचा झाला. पगार देणारा क्लब त्याला राज्याकडून खेळायला कशाला सोडेल? पाय मोडला तर भरून कोण देणार? त्यामुळे संतोष ट्रॉफीत राहिले कोण, तर खालच्या लीगमधले खेळाडू, पोलीस, रेल्वे, बँकांमधले नोकरदार, कॉलेजची पोरं आणि जवान. सेनादलाने २०१२ ते २०१९ या काळात पाच वेळा ही ट्रॉफी उचलली ती उगाच नाही. त्यांचा संघ वर्षभर एकत्र राहतो, एकत्र सराव करतो. आमच्या जिल्ह्यात पुलगावला एवढा मोठा दारूगोळा डेपो आहे, जवान आहेत, त्यामुळे सेनादल जिंकलं की मला पूर्ण परकं वाटत नाही. १३ मार्चचं दुःख सोडून.

तर स्पर्धा खालच्या पायरीवर आली. उसासे टाकणारे म्हणतात, बंद करा, इज्जत तरी राहील. फेडरेशनवाले दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना ती पुन्हा मोठी दाखवायची असते. २०२३ साली त्यांनी सेमीफायनल आणि फायनल चक्क सौदी अरेबियात, रियाधला नेली. पंजाब, सेनादल, कर्नाटक, मेघालय असे चार संघ विमानाने गेले. कर्नाटकने मेघालयला ३-२ ने हरवलं. मेघालय पहिल्यांदाच फायनलला पोचलं होतं, आणि शिलाँगच्या पोरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना त्यांच्या आईबापांपासून समुद्रापलीकडे झाला. खेळाडूंना परदेश दिसला, चांगलं मैदान मिळालं, हे मान्य. पण याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, फायनल केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मंजेरीला झाली होती. पय्यनाडचं स्टेडियम खच्चून भरलं, आत यायला माणसं धडपडत होती, केरळने बंगालला पेनल्टींवर हरवलं. कुठली फायनल मोठी, तुम्हीच सांगा.

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. खालच्या पायरीवर येण्यात कमीपणा कसला? पण तिथे आल्याचं कबूल करायला हवं आणि त्या पायरीवरच्यांसाठी ती नीट चालवायला हवी.

इंग्रजांनी हे केलंय. त्यांच्याकडे १८९३ पासून हौशी खेळाडूंचा एक कप होता, एफए अ‍ॅमॅच्युअर कप. बिशप ऑकलंड नावाच्या लहानशा गावाच्या क्लबने तो १० वेळा जिंकला. १९५४ च्या फायनलला वेम्ब्लीवर एक लाख लोक होते, आणि दोन्ही संघ त्याच डरहॅम परगण्यातले. १९५८ साली म्युनिकला विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ गेला, तेव्हा या बिशप ऑकलंडने आपले काही खेळाडू त्यांना उसने दिले होते. लहानाने मोठ्याला! पुढे हौशी ही गोष्ट नावालाच उरली, बुटात गुपचूप पैसे घालून द्यायचे म्हणे, म्हणून १९७४ ला त्यांनी हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. कप गेला. पण त्यांनी रडत न बसता लगेच १९७४-७५ पासून खालच्या क्लबांसाठी एफए व्हाझ सुरू केला. त्याच्या जरा वरच्यांसाठी एफए ट्रॉफी १९६९ पासून होतीच. आता सहाशेच्या आसपास क्लब व्हाझमध्ये उतरतात, गवंडी, पोस्टमन, शिक्षक असे खेळाडू, आणि फायनल वेम्ब्लीवरच. मे २०१६ पासून दोन्ही फायनल एकाच दिवशी होतात. त्या पहिल्या वर्षी सेहेचाळीस हजारांवर माणसं आली. व्हाझ जिंकला मॉर्पेथ टाउनने. मॉर्पेथ म्हणजे आपल्या सिंदी-देवळीएवढं गाव हो! आणि हे आमच्या नागपूरच्या फायनलनंतर दोनच महिन्यांनी. तुलना करू नये, पण मन करतंच.

आपल्याकडे काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. रोव्हर्स कप, १८९१ पासूनचा. १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सनी गोऱ्या पलटणींच्या हातून तो काढून घेतला, हैदराबाद पोलिसांनी १९५० ते ५४ सलग पाच वर्षं जिंकला. मोठे क्लब लीगमध्ये अडकले आणि २०००-०१ च्या हंगामानंतर तो बंदच पडला. मोठे येत नाहीत म्हणून लहानांना द्या, असं कुणाला सुचलं नाही. शंभर वर्षांचा कप कपाटात गेला. ड्युरँड सुद्धा तसाच जायचा, पण तो सेनेचा, त्यांनी २०१९ पासून कोलकात्याला नेऊन जगवला.

आता आपल्याकडचं बघा. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतःचा संघ आहे. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक आणला. उमेश यादव खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, भारताकडून खेळला. फुटबॉलमध्ये विदर्भ नाही. महाराष्ट्राचा एकच संघ, आणि त्याचं सगळं मुंबईत. कामठीची छावणी, तिथला रब्बानी क्लब, नागपुरातलं मोमिनपुरा, या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल जपला. विजय बारसे सरांनी २००१ ला नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, त्यावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ ला आला. म्हणजे खेळणारे आहेत. फुटबॉलमध्ये वेगळा विदर्भ हवा असं मी म्हणत नाही, तो वाद आम्हाला वेगळ्या कारणांसाठी पुरेसा आहे. पण राज्याच्या संघाची निवड चाचणी एकदा तरी नागपूर-अमरावतीला का होऊ नये?

कारण तो टपरीवरचा मुलगा. तो चांगला खेळायचा, डाव्या पायाचा. जिल्ह्याकडून खेळला होता. एका वर्षी चाचणीला मुंबईला गेला. सेवाग्राम एक्स्प्रेसचं जनरलचं तिकीट, रात्रभर दाराशी उभा. उतरून थेट मैदानावर. दीड-दोनशे पोरं. त्याला चाळीस मिनिटं खेळायला मिळालं, त्यात चेंडू पाच-सहा वेळा पायाला लागला असेल. यादीत नाव आलं नाही. त्याला कुणी मुद्दाम डावललं असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. कदाचित त्याच्यापेक्षा चांगले असतील. पण झोप झालेली असती तर कळलं असतं!

लोकांना वाटतं, त्यात एवढं काय, नाही खेळला राज्याकडून. अहो, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडू म्हणून भरती करतात. त्यासाठी कागद लागतो. सुपर लीगमधल्या पोराला त्या कागदाची गरज नाही, ती हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बापाच्या पोराला आहे. संतोष ट्रॉफी त्याच्यासाठी कप नाहीच, दारावरची पाटी आहे. म्हणून ती बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

हंगामाच्या तारखा आधी जाहीर करा. फायनल लहान शहरात ठेवा, जिथे लोक चालत येतील. जिल्हा संघांना प्रवासभत्ता द्या. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी असं आपल्या मातीतलं नाव आहे. मणिपूरच्या मुली ती वर्षानुवर्षं नेतात. ती एकदा इकडे खेळवा, विदर्भातल्या शाळांच्या बसेस भरून येतील. आणि वरच्या लीगचं म्हणाल, तर जुलै २०२५ मध्ये कराराच्या घोळात सुपर लीगचा हंगामच थांबवला गेला आणि पगार घेणारे खेळाडू महिनोन्‌महिने घरी बसले. वरचा मजला असा डुगडुगत असताना खालचा पाडायला निघालेल्यांचं मला नवल वाटतं. बंगालने ३१ डिसेंबर २०२४ ला हैदराबादेत केरळला हरवून ३३ वं विजेतेपद घेतलं. गोल शेवटच्या मिनिटांत रोबी हांसदाचा. त्या रात्री सगळा देश नव्या वर्षाच्या पार्ट्यांत होता. तारीख कुणी ठरवली असेल?

असो. परवा सकाळी फिरायला गेलो तेव्हा तो मुलगा मैदानावर दिसला. दुकान दहाला उघडतं, त्याआधी पंधरा-वीस पोरांना शिकवतो. फी नाही. गोलपोस्टच्या जागी विटा. मी त्याला १३ मार्चची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मले बी नव्हतं माहीत काका. नागपूरले पुन्हा आली तं सांगजा. मी पोट्टे घेऊन येतो."

सांगतो म्हटलं.