चर्चने कोणत्या लोकांबरोबर बदलावे?

ख्रिस्ती चर्चने आपल्या लोकांबरोबर वाढावे व बदलावे असे म्हटले, की सनातनी मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. सत्य चिरंतन असते, ते काळामागे फरफटत जात नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो ऐकावयास भारदस्त वाटतो. परंतु भारतातील चर्चचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. चर्च येथे वारंवार बदलले आहे. प्रश्न आहे तो, कोणासाठी?

रॉबर्ट दी नोबिली हा जेझुइट धर्मगुरू १६०६ मध्ये मदुराईस आला आणि भगवी वस्त्रे व शाकाहार स्वीकारून ब्राह्मण संन्याशासारखा राहू लागला. उच्चवर्णीय धर्मांतरितांनी जानवे व शेंडी ठेवण्यास पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये मान्यता दिली. पुढे त्याच मिशनमध्ये वरच्या जातींसाठी वेगळे व खालच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू काम करू लागले. चर्च लोकांशी समरस झाले खरे. पण ज्यांच्या हाती प्रतिष्ठा होती त्यांच्याशी. त्या समरसतेची किंमत दलितांनी मोजली. तामिळनाडूच्या काही गावांत आजही ख्रिस्ती मृतांना जातीनुसार निराळी दफनभूमी आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी मधली भिंत कोणी ओलांडावयाची, याचा निर्णय तेथील विश्वस्तांनी बहुधा अजून घेतलेला नाही!

महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले आणि १९१७ मध्ये मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ उभारला. परक्या पैशावर व परक्या आज्ञेवर चालणारी मंडळी येथल्या लोकांची होणार नाही, हे त्यांना उमगले होते. रोमला मात्र लॅटिनच्या जोडीने लोकभाषेला उपासनेत वाव देण्यास १९६३ उजाडावे लागले. त्यामुळे श्रद्धा काही ढासळली नाही. परंतु भाषा बदलणे सोपे. सत्ता बदलणे अवघड.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रामुख्याने हिंदूंपुरता ठेवला. त्यात १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. धर्मांतराने जात सुटत नाही, म्हणून सवलती द्या, ही चर्चची मागणी न्याय्यच आहे. मात्र ती सरकारपुढे मांडणाऱ्याने जात आपल्या अंगणातही नांदते हे प्रथम कबूल केले पाहिजे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलितविषयक धोरणात तशी कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह; परंतु शिखरावर एक माणूस चढल्याने पायथ्याची व्यवस्था पालटत नाही.

चर्चच्या हाती शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत. तेथील प्रवेशांत व नेमणुकांत दलित ख्रिस्ती किती, याचे आकडे दरवर्षी जाहीर करावयास कोणत्याही पोपची अनुज्ञा लागत नाही.